वरचं बटण

लाइपझिगमधल्या जुन्या घरांची धुराडी साफ करणारा एगोन दिसला, की लोक त्याच्या काळ्या कोटाचं पितळी बटण चोळतात. नशीब उघडतं म्हणे. आज धुराडं तपासून तो खाली उतरला, तर घरमालकीण त्सिगलरबाईंनी थेट वरच्या बटणालाच हात घातला.

"ते नाही!" एगोन खेकसला. "खालची पाच आहेत की!"

"अगं बाई! एवढं नशीब एकट्याला ठेवून काय लोणचं घालणार?"

"नशीब कसलं डोंबलाचं! ते आमच्या हिचं आहे. मी कामाला निघालो की रोज धरायची."

बाईंनी खालचं बटण धरलं.

बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. तरी सकाळी निघताना एगोन उंबऱ्यात क्षणभर थांबतोच, छाती पुढे करून.