सहीशिवाय पाणी उकळू नये

"ताई, पाणी उकळून प्या, एवढंच तर सांगाचं हाय. त्याले सही काऊन लागते?"

फोनवर विमल होती, हद्दीवरच्या एका गावातली आशा कार्यकर्ती. नाल्याचा पूर विहिरीत शिरला होता. घरोघरी हगवण-उलट्या सुरू झाल्या होत्या. तिच्या शेजारची शेवंता तर उठून बसू शकत नव्हती. पलीकडचे तीन पाडे त्याच नाल्याचं पाणी पीत होते. पुरामुळे विमलला तिकडं जाता येत नव्हतं, आणि तिथं मोबाईलला रेंज नव्हती. पण पाड्यांवर संध्याकाळी रेडिओ हमखास लागायचा.

"तू गावात सांगितलंस ना?"

"घसा सुकला सांगू सांगू. सुनेचं कोन आयकते? रेडिओनं सांगतलं का मंग खरं."

मी आदिलाबाद जिल्ह्यात रेडिओवर निवेदिका होते. मराठी कार्यक्रम माझ्याकडे. नियम असा की आरोग्याबद्दल बोलायचं तर 'अप्रूव्ह्ड कॉपी' हवी. म्हणजे आरोग्य खात्यानं लिहिलेला, सही-शिक्क्याचा मजकूर. नियम तसा वाईट नव्हता. एकदा एका पाहुण्यानं माइकवर कावीळ उतरवायचा मंत्र सांगितला, तेव्हापासून तो कडक झाला होता.

अडचण वेगळीच होती. जिल्ह्याचे नुकतेच चार तुकडे झाले होते.

जुन्या जिल्ह्याच्या ऑफिसला फोन लावला. "मॅडम, वो गाँव अब हमारा नहीं." नव्या जिल्ह्याला लावला. "गाँव हमारा है, लेकिन रेडिओ आपके जिले में है. दूसरे की हद में हम कैसे बोलें? और हमारा शिक्का भी अभी बनके नहीं आया." राजधानीला लावला. तिथून एकच तेलुगू शब्द आला, "रेपु." म्हणजे उद्या. जंतूंनी मात्र पुनर्रचनेचा आदेश वाचलेला नसावा. ते बिचारे जुन्याच हद्दीत ड्युटी करत होते.

दुपारी विमलचा पुन्हा फोन. शेवंता गेली होती. अॅम्ब्युलन्स नाल्यापलीकडंच अडकली.

माझं डोकं फिरलं. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. साहेब आमच्या केंद्राचे प्रमुख, माणूस भला, पण निवृत्तीला आठ महिने उरलेले.

"सर, एक बाई मर गयी."

"मॅडम, हेल्थ का एक शब्द भी नहीं. मेरी पेन्शन का सवाल है."

"और मरेंगे तो?"

साहेबांनी चष्मा पुसला. "शोकसंदेश का अप्रूव्हल जल्दी आता है."

संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम माझाच होता, तोही लाइव्ह. रागारागात फाईल चाळत बसले, तर पशुपालन खात्याची कॉपी हाती लागली. 'पावसाळ्यात जनावरांची निगा.' वाटणीच्या आधीची, सही-शिक्क्यासकट, पूर्ण हंगामासाठी मंजूर. त्यात कुणा अतिहुशार पशुवैद्यानं लिहिलं होतं, 'पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी जनावरांना उकळून, थंड करूनच पाजावे.' बैलाला पाणी उकळून पाजणारा शेतकरी मी जन्मात पाहिला नव्हता. पण कागद कागद असतो.

फेडर वर केला. फेडर म्हणजे आवाज सोडायची सरकपट्टी. मजकूर वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. मग म्हणाले, "मंडळी, जे पाणी बैलाला चालत नाही, ते घरातल्या माणसांनी प्यावं की नाही, हे सांगायचा मला अधिकार नाही. तुमचं तुम्ही बघा."

काचेपलीकडं साहेबांनी कपाळाला हात लावला.

सकाळी विमलचा फोन. "ताई, काय जादू केली वो! आमचा मामंजी सोता चूल पेटवून बैलायले पानी उकळून राह्यला. माह्यं दोन दिस आयकलं नाई त्यानं."

"आणि घरच्यांना?"

"बैलायचं झाल्यावर उरते न, ते आमी पेतो."

मला हसावं की रडावं कळेना. या भागात सणाला काय, रोज काय, आधी बैल जेवतो, मग घरधनी, आणि सरतेशेवटी बाई. त्या दिवशी हीच रीत कामी आली. नाला उतरल्यावर विमल पाड्यांवर जाऊन आली. तिथंही गुरांसाठी हंडे चढले होते. आठवडाभरात साथ आटोक्यात आली.

त्यानंतर दोन कागद आले. एक, दोन्ही जिल्ह्यांच्या सहीची अप्रूव्ह्ड कॉपी: 'ग्रामस्थांनी पाणी उकळून प्यावे.' दुसरा मेमो: मंजूर मजकुराबाहेर दोन वाक्यं कोणत्या अधिकारात बोललात? मी उत्तर दिलं, अधिकार नाही, हेच बोलले होते. पुढं कुणी विचारलं नाही.

नोकरीत एवढं शिकले. आपल्याकडं माणूस कुणाच्या हद्दीत मरतो हे ठरायला वेळ लागतो, बैल कुणाचा हे गावाला आधीच ठाऊक असतं. त्या साथीत बैल एकही दगावला नाही. शेवंता तेवढी गेली.