चिंचेखाली

कापलेल्या गवताचा वास आला की मला तो सोमवार आठवतो. किल्ल्याच्या तटाच्या आतबाहेर पसरलेल्या जुन्या सरकारी गोल्फ मैदानाच्या ऑफिसात मी नोकरीला लागले होते, आणि मैदान बंद असतं त्या दिवशी आमच्या अंबरपेठच्या घरून आईला ते दाखवायला घेऊन आले होते. तटाच्या आतली नऊ होल फार जुनी, खंदकापलीकडची नऊ नंतर वाढवलेली, असं मी तिला कौतुकानं सांगत होते. "हौ, तिकडली माती आम्हीच टाकली," ती सहज म्हणाली. लग्न झाल्यावर आई-बाबा नांदेडहून या शहरात मजुरीला आले, एवढंच मला ठाऊक होतं. कुठल्या कामावर, हे मी कधी विचारलं नव्हतं. खंदक ओलांडल्यावर ती माझ्यापुढे झपाझप चालू लागली. एका चिंचेखाली थांबून तिनं चपला काढल्या, खाली बसली आणि गवतावरून हात फिरवत म्हणाली, "तुझा मोठा भाऊ हितं हाय." मला भाऊ होता, हेच मला माहीत नव्हतं. "तापानं गेला. अंगावर पीत होता अजून." ती रडली नाही. लांबच्या होलवरच्या झेंड्याकडे बघत तिनं विचारलं, "हितवर कुणाचा बॉल येतो का गं?" त्या झाडाखाली लोक काठीनं गवत उलटंपालटं करून बॉल शोधताना मी रोज पाहत होते. "नाही, आई," मी म्हणाले. आई आता नाही. मी अजून तिथंच नोकरीला आहे, आणि चिंचेखाली कुणी वाकलेलं दिसलं की अजूनही हातातलं काम तसंच टाकून मी तिकडे जाते.