जनरेटर कोणासाठी चालायचा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

गोंदियाकडच्या एका लहानशा विमानतळावर मी जनरेटर चालवायचो. नियम साधा होता. लाइन गेली तरच डिझेलचं मशीन सुरू करायचं. पण आमच्याकडचा मे महिना तुम्ही पाहिलाय का? लाइनचा दाब कमी, माझ्या खोलीतला कूलर नुसता घरघरायचा. मशीनवर मात्र मस्त चालायचा! मग काय — लाइन असतानाही रोज दुपारी मी मशीन चालवायचो.

धूर जायचा भिंतीपलीकडे, कौतिकाबाईच्या आंगणात. तिच्या नवऱ्याला दमा. ती फाटकाशी येऊन म्हणायची, "भाऊ, लाइन हाय ना? मंग हे कायले चालवून राहिला? आमच्या बुढ्याले श्वास घेता येत नाही."

मी म्हणायचो, "विमानासाठी लागते, बाई. वरून ऑर्डर हाय."

कसली ऑर्डर? कोणी दिली होती? ती बिचारी मान हलवून परत जायची. एका उन्हाळ्यात म्हातारा गेला. मी मयतीला गेलो — आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा मशीन लावलं. हो, लावलं.

पुढे विमान कंपनीनं विचारलं, तुमचं विमानतळ धूर किती सोडतं? कमी करा, नाहीतर आम्ही येत नाही. बस्स! साहेब लोक खडबडून जागे झाले. सोलर आलं, नवी लाइन आली, मशीन बंद. विमान यायचं बंद होईल म्हणून झालं सगळं, म्हाताऱ्यासाठी कोणी काही केलं नाही.

पण सोलरच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात सांगायला गावचं माणूस हवं होतं. कौतिकाबाईला स्टेजवर बोलावलं. माइक हातात घेऊन "जय भीम" म्हणाली आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"या भाऊनं साहेबायले सांगतलं, म्हणून धूर बंद झाला."

अरे, हिला काय वाटत होतं इतके दिवस? मी हिच्यासाठी भांडतोय? टाळ्या वाजत होत्या. साहेब माझी पाठ थोपटत होते. मी हात जोडून त्या टाळ्या घेतल्या.

खाली उतरून तिनं पदराखालचा डबा उघडला. मोहफुलांचे लाडू. म्हणाली, "बुढा असता तर त्यानंच आणले असते तुह्यासाठी."

मी एक घेतला. तिच्यासमोर खाल्ला. गोड आहे म्हणालो.