मण्यांचे डूल आणि शेजारीण

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कानातले डूल. दिवेलागणीची वेळ होती. तिची बोटं दुखायला लागली म्हणून तिनं गोल तोंडाची पक्कड माझ्या हातात दिली. आयपिन म्हणजे बारीक तार, एका टोकाला डोळा असलेली. तारेत मणी ओवायचे आणि मोकळं टोक पकडीनं वळवून दुसरा डोळा करायचा. एवढंच. पण मी रेल्वेत गँगमन, पूर्णेला रुळावर घण मारण्यात जन्म गेला. मी वळवलेला डोळा चपटा झाला.

"अवं, असं न्हाई. बाईवाणी गोल करा. तिचा हात लय साफ हाय."

बाई म्हणजे आमची शेजारीण. हे मण्यांचं खूळ तिनंच शिकवलेलं.

मी पक्कड खाली ठेवली. म्हणलं, "मग तिलाच बोलव."

"बोलवायला कशाला लागतंय? सकाळी येतीच की ती."

तेच मला खुपायचं. रोज आठच्या ठोक्याला ती हजर. दोघी दारात पत्र्याखाली बसायच्या आणि हसायच्या. मी आलो की गप्प. एकदा मी मोरीत नुसताच उभा राहून ऐकलं. सुनांचं, गुडघ्याचं, कुणाच्या तरी नवऱ्याच्या घोरण्याचं बोलणं. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं? माझ्याशी मात्र मीठ संपलं, गॅस संपला, याच्यापुढं तिचं बोलणं जात नव्हतं. जन्मभराचा संसार माझ्यासोबत आणि हसणं बाईसोबत.

पहिला जोड तिनं बाईलाच दिला होता. बाई तो घालून पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाऊन आली. मी विचारलं, "आन मला काय केलंस?"

"तुमी काय डूल घालणार हाव का?"

तिचं चूक नव्हतं. पण मला राग आला तो आलाच.

माझ्या हातून डोळा चपटा झाला, त्याच रात्री ती झोपेतच गेली. रोज माझ्या अगोदर उठणारी बायको उठली नाही, म्हणून हात लावला तर अंग गार. पोराला फोन करायचा, शेजारी हाक मारायची, हे मला कळत होतं. केलं नाही. तिच्या उशाशी बसून राहिलो.

आठला शेजारीण आलीच. बाहेरूनच म्हणाली, "अक्का, चहा ठेव. लाल मणी आणलेत."

मी दार अर्धं उघडलं. "झोपलीय."

"अजून? दाजी, अक्का कधी आठपर्यंत झोपती का? बरं न्हाई का तिला?"

"बरी हाय. दुपारी ये."

तिनं आत डोकवायला बघितलं, मग गेली. तिला अजून वाटतं, अक्का नऊच्या सुमाराला गेली. मी सांगितलं नाही. रोज तो वेळ तिचा असायचा, त्या दिवशी मी दिला नाही.

आतून कडी लावली आणि बायकोजवळ येऊन बसलो. नऊ वाजता पोराला फोन लावला.