दाराआडचा झावळीचा क्रूस

पत्र्याच्या व्यापाऱ्याशी माझी घासाघीस अगदी रंगात आली होती, तेवढ्यात आग्नेसवहिनींचा फोन आला. "दुमिंग, ये लवकर. तुझे दादा उठतच नाहीत रे..." समोरचा जो भाव सांगत होता त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्याने हो म्हटलं आणि निघालो. वालीवच्या माझ्या कारखान्यातून गावच्या वाडीत पोचेपर्यंत इनासदादा, माझा थोरला भाऊ, गेलेला होता. त्याला आता काही आठवडे झाले.

दादा केळी पिकवायचा, मी बिजागऱ्या बनवतो. शाळा अर्धवट सोडून हेल्पर म्हणून लागलो आणि स्वतःच्या हिमतीवर मालक झालो. त्यामुळे वस्तू दिसली की मला तिची किंमत दिसते. दादाला तिच्यात देव दिसायचा. घड उतरवून केळ तोडली की बुंध्याशी आलेले कोवळे मुनवे, नव्या केळीचे कोंब, दाखवून म्हणायचा, "पुनरुत्थान अजून कसं समजावू तुला?" कारखान्यात आला की बिजागरी उघडमीट करत बसायचा. "दोन पत्रे, दोन बाजूंचे. मधे नळीत ही पिन. दिसत पण नाय, पण दाराचा सगळा भार तिच्यावर. आपला येशू असाच."

"दादा, त्या पिनेचा भाव वाढलाय. येशूला सांग जरा."

"सांगतो. पण तू त्याच्याशीपण घासाघीस करशील!"

त्याचं हे बोलणं मला मनापासून आवडायचं. एक गोष्ट मात्र पटली नाही, आणि ती मी अजून सोडलेली नाही. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेली झावळी घरी आणून तिचा क्रूस विणतात आणि वर्षभर दाराआड अडकवतात. पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर हे वाळलेले क्रूस देवळात परत जातात. ते जाळून झालेली राख उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सगळ्यांच्या कपाळावर लागते. आईने तिचा शेवटचा क्रूस विणला आणि त्याच वर्षी ती गेली. तो मला हवा होता, काचेत बसवायचा होता, आणि हे मी दादाला बजावून ठेवलं होतं. तरी त्याने तो देवळातल्या टोपलीत टाकला. मी वाडीत जाऊन थयथयाट केला. "आईच्या हातचं एवढंच उरलं होतं, तेही जाळायला दिलंस?"

"काचेत ठेवून तू एकटा बघणार. आता बुधवारी अख्ख्या गावाच्या कपाळावर आई असेल. तुझ्यापण."

"माझ्या नाही," मी म्हटलं.

त्या बुधवारी मी कारखान्यातच बसलो, आणि त्यानंतरच्या दर वर्षीच्या बुधवारीही. देवळातली रविवारची मिस्सा चुकवली नाही, पण राख घेतली नाही. दादाने कधी आग्रह केला नाही. दर वर्षी नवा क्रूस विणून स्वतः घेऊन यायचा आणि माझ्या केबिनच्या दाराआड अडकवायचा. उपवासकाळ आला की येऊन काढून न्यायचा. मीही कधी त्याचा हात धरला नाही...

गेल्या रविवारी फादरांनी जुने क्रूस आणायला सांगितलं. बाहेर पडताना वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरातला त्यांच्याबरोबर कबरीत ठेवला. आता त्यांच्या हातचा तुझ्याकडचाच एक. काय करशील?"

"बघतो," म्हटलं.

कारखान्यात येऊन क्रूस खाली काढला. वाळून कडक झालेला, एक टोक दादाच्या सवयीप्रमाणे बाहेर सुटलेलं. आता काचेत बसवला असता तर अडवणारं कोणी नव्हतं. मापही घेतलं. मग नजर दाराकडे गेली. इतक्या वर्षांच्या उघडमिटीत ते सगळे क्रूस एकाच जागी घासत राहिले होते, आणि हिरव्या रंगावर एक फिकट क्रूस उमटला होता. म्हणजे तो माझ्याकडे राहणारच होता.

मी क्रूस देवळातल्या टोपलीत टाकला, पण फादरांना अट घालून. या बुधवारी रांगेत पहिला मी, आणि राख कपाळभर हवी. आईच्या क्रुसाचं भांडण मिटलेलं नाही, ते दादाला भेटल्यावर करीन. रंगाऱ्याला मात्र ताकीद दिली आहे, सगळा कारखाना रंगव, त्या दाराला हात लावायचा नाही.