हाताची पेन्शन

आमचा घटस्फोट न भांडता झाला, हे पाहुण्यांना अजून पटत नाही. पण भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं. लेक सासरी गेली आणि आमच्यातलं बोलणंच संपलं. बायको रिहे गावात भावाच्या शेजारी खोली घेऊन राहिली.

वाटणीचे कागद करायला पौडच्या वकिलाकडे जायचं होतं. मला न्यायला स्कूटर घेऊन तीच आली. उरवड्याच्या कारखान्यात प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली, तेव्हापासून मला गाडी चालवता येत नाही. त्या बोटांची दरमहा पेन्शन येते. निवृत्तीचा फंड अर्धा-अर्धा, हे चहा पिता पिता ठरलं होतं. पेन्शनचं नाव मात्र कुणीच काढत नव्हतं. मागे बसून मी पौडपर्यंत एकच वाक्य घोकत होतो, ‘हात माझा गेला, पैसे माझे.’

"सारकं काय हालताय? पाडाल दोघास्नी," ती म्हणाली.

वकिलाने फंडाचं वाचून दाखवलं. मग पेन्शनचा विषय निघाला, तर ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसली. मागितली असती तर मी ठणकावून नाही म्हणालो असतो. ती मागेचना! मी चुळबुळत दोनदा पाणी प्यालो. शेवटी तिने सही केली आणि खाली डाव्या हाताने मी.

फोन घ्यायला बाहेर गेलेला वकील परत आला आणि त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "बाई, यांचीही सही तुम्हीच केलीत का? अक्षर एकच दिसतंय."

"व्हय, अक्षर माजंच. बोटं गेल्यावर ह्यांचा डावा हात धरून सहा म्हयनं गिरवून घेतलंय म्या. पहिलीतलं पोरगं तरी कमी रडतं."

माझं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "सायेब, पेन्शनबी अर्धी लिवा," मी म्हणालो.

"ती तुमच्याच खात्यात येणार. दर महिन्याला काढून द्यावी लागेल."

"दीन की."

"अर्धी नको," ती म्हणाली. "आता बटणं तुमची तुमीच लावताय. तिसरा हिस्सा लिवा."

कागद पुन्हा टाइप झाला, पुन्हा सह्या झाल्या. बाहेर तिने स्कूटर सुरू केली, तरी माझा पाय उचलेना.

"आता काय ऱ्हायलं?"

"दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतुया. बँकेत तूच नेतीस. त्ये कागदात न्हाई."

"फोन करा," ती म्हणाली. "हयात असलात तर. माजाबी तिसरा हिस्सा हाय त्यात."