रुंद झालेले पाट

"डॉक्टर, हे मुद्दाम करतात की नाही, तेवढंच सांगा," विल्सन म्हणाला.

'हे' म्हणजे त्याचे वडील, पापडी गावचे पेद्रूबाबा. नुकताच त्यांच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला होता आणि ते माझ्या खोलीत एसीची घरघर ऐकत शांत बसले होते. केळीच्या वाडीत ते पंप सुरू करत आणि विसरून जात. पाणी शेजाऱ्याच्या वाडीत. वर म्हणत, पंप विल्सननेच लावला. वाडी मुलाच्या हाती गेल्यापासून म्हातारा सूड उगवतोय, अशी विल्सनची खात्री. त्यांना विरारला बहिणीच्या फ्लॅटवर धाडायचं त्याने ठरवलं होतं.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, वसईत सीटी स्कॅनचीच नवलाई. डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू नेणारा आजार, हा शब्द फारसा कोणी उच्चारत नसे. साठी बुद्धी नाठी, विषय संपला. मेंदू आक्रसलेला दिसला की रिपोर्टात 'वयोमानानुसार' लिहीत. मीही तेच बोललो.

"वय तर माझंही तेवढंच," बाबांची बायको मार्थामावशी म्हणाली. "मागल्या वर्षी मी विहिरीवर पडले, तेव्हा माझ्याही डोक्याचा फोटो काढला होता. तो लावा बाजूला."

जुने रिपोर्ट आणा म्हटल्यावर बाईंनी घरातलं सगळंच पिशवीत भरून आणलं होतं. मी दिवा मालवला आणि दोन्ही फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावल्या. निळसर उजेडात एकाच घरातली दोन डोकी शेजारी शेजारी. आम्ही सगळे स्वप्नात असल्यासारखे बघत राहिलो. मेंदूला घड्या असतात. घड्यांमधल्या फटीत पाणी असतं, ते फिल्मवर काळं दिसतं. मावशींच्या फटी बारीक रेघांसारख्या. बाबांच्या चांगल्याच रुंद. हे नुसतं वय नव्हतं.

मी तसं सांगितलं.

पेद्रूबाबा मात्र उठून फिल्मजवळ गेले. काळ्या फटींवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"वाफे खचलेत," ते म्हणाले. "पाट रुंद झाले. आता पानी थांबायचं नाही. कोनाची वाडी ही?"



"आपलीच, बाबा," विल्सन म्हणाला.

बाबा विरारला गेले नाहीत. ते पंप सुरू करत, विल्सन मागून जाऊन गुपचूप बंद करी. बाबांचा विसर वाढतच गेला; औषध असं काही नव्हतंच.

स्कॅनने कोणी बरं होत नाही, असं आम्हाला शिकवतात. या स्कॅनने गुण आला, पण विल्सनला.